कारलं आणि कॅसेट

इंग्रजी गाण्यांच्या ठेक्यावर स्टीलचे डबे विकणारा माणूस अख्ख्या जुन्नरच्या बाजारपेठेत एकच झाला, आणि तो आमच्या समोर राहायचा. भांडीवाले शेठ. वाडवडील राजस्थानातून आलेले जैन, पण भाव करण्यात आणि टोमणे मारण्यात शेठ पक्के जुन्नरकर. नव्वदच्या सुमारास त्यांनी एक जुना टेपरेकॉर्डर विकत घेतला, त्याच्या पोटात ती कॅसेट निघाली. साहेबाच्या देशातला कुठलासा जुना अल्बम, झणझणीत गिटार आणि खर्जातला घोगरा आवाज. सकाळी दुकान उघडलं की एक बाजू, आणि दिवस मावळायच्या आत जेवून आले की दुसरी. इंग्रजी त्यांना 'स्टेनलेस'पलीकडे येत नव्हतं. मग यातलं कळतं काय, असं मी एकदा विचारलं.

"सोपं आहे हो," शेठ म्हणाले. "गिऱ्हाइकासारखं आहे. एकच रडगाणं दोनदा सांगतं आणि तिसऱ्यांदा भाव मान्य करतं."

पश्चिमेच्या डोंगरातली माणसं पातेलं घेताना ते वाजवून बघत. शेठही समोरून टिचक्या मारत, पण गाण्याच्या ठेक्यात. एका म्हातारीनं पातेलं बाजूला ठेवून अख्खं गाणं ऐकलं आणि म्हणाली, "शेठ, ह्या बाबाचा घसा पार बसलाय. त्याला कुनी काढा तरी द्या." कुणीतरी मन लावून ऐकलं, म्हणून शेठनी तिला पातेल्यावर झाकणी फुकट दिली.

चातुर्मासात काहीतरी आवडतं सोडायचा नियम घ्यायचा असतो. शेठ दरवर्षी कारलं सोडत. कारलं त्यांना मुळातच आवडत नसे. एका वर्षी त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, त्यांना धरलं. "सोडायचं तर जिवाचं काहीतरी सोडा. कारलं सोडून कसलं पुण्य?" शेठनी त्याच तिरमिरीत कॅसेट सोडली. दुकानातला सगळ्यात घट्ट झाकणाचा डबा धुतला आणि तिला त्यात बंद केलं. डबा नीट वाळला नव्हता, एवढंच राहून गेलं. त्या पावसाळ्यात आमची गल्ली इतकी शांत झाली की शेजारचा शिंपी म्हणे, मशीनवर पाय पडत नाही. शेठ तर हिशेबापुरतेच बोलत. कार्तिकी पौर्णिमेनंतर डबा उघडला तेव्हा टेपवर पांढरी बुरशी आली होती. टेपरेकॉर्डरनं ती पहिल्याच गाण्यात चावून टाकली. शेठनी तुटलेली टेप बोटाला गुंडाळून गल्ल्यात ठेवली. काकू मात्र दिवसभर दुकानाकडे फिरकल्या नाहीत.

पुढं पुण्यात नोकरीला लागलेल्या मुलानं तोच अल्बम सीडीवर आणला. शेठ काउंटरला टेकून उभे राहिले. गाणी तीच होती, पण आवाज हलका, चढा, ताजातवाना. जुना टेपरेकॉर्डर सगळं संथ, जड करून वाजवत होता, हे तेव्हा कळलं.

"हा तर पोरगा आहे," शेठ म्हणाले. "इतकी वर्षं मी याला माझ्या वयाचा समजत होतो." मग हळूच म्हणाले, "बरं आहे. आपण म्हातारे झालो, हा नाही झाला." आणि त्यांनी सीडी पुन्हा पहिल्यापासून लावली.

पुढच्या चातुर्मासाच्या आदल्या दिवशी मी समोर बसलो होतो. शेठ विचारात पडलेले दिसले, तेव्हा आतून काकूच म्हणाल्या, "अहो, या वर्षी कारलंच सोडा."

मी आता जुन्नरला राहत नाही. पण पानात कारलं आलं की शेठची आठवण येते, आणि मी ते न कुरकुरता खातो.