सत्तर नंबरचा तंगूस

दोऱ्यातलं आपल्याला कळतं, असा माझा पक्का समज होता. डोंबिवलीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज माझ्या मशीनखालून गेलेत. कुठला दोरा पहिल्या धुण्यात रंग सोडणार, कुठला ऐन काखेत उसवणार, हे मी नुसतं बोटांनी सांगते. त्यामुळे मासे धरायचा दोरा आणायला कल्याणला निघाले तेव्हा कुणाला काही विचारलं नाही. व्हिडिओ बघितले नाहीत. दोरा तो दोरा, त्यात काय डोंबल शिकायचंय.

दोरा माझ्यासाठी नव्हता, माझ्या मोठ्या भावासाठी होता. त्याला आम्ही दादूस म्हणतो. तो ठाण्यात कोलशेतला, आमच्या माहेरच्या घरात राहतो. आता त्या घराच्या चारही बाजूंना टॉवर उभे राहिलेत. त्यांची नावं इटलीतल्या गावांची, आणि खाडीचा जो वास आम्ही जन्मभर फुकट घेतला तो तिथे व्ह्यू म्हणून विकतात. दादूस कंपनीत नोकरी करायचा, पण ती फक्त आठवड्याचे मधले दिवस काढायला. रविवार उजाडला की हा प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस घेऊन जेट्टीवर. तंगूस म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा. रॉड नाही, रील नाही. दोरा हाताने फेकायचा, हाताने ओढायचा. त्याला हवा असायचा जिताडा. हॉटेलवाले त्याला आता सी बास म्हणतात आणि वर लिंबाची चकती ठेवतात. आम्ही त्याचं कालवण करायचो आणि डोक्यावरून भांडायचो.

रिटायर झाल्यावर वर्षाच्या आतच दादूसला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, काठी घेऊन चालतो. बोलणं आलं, शिव्यांसकट आलं. उजवा हात मात्र कोपरात वाकून छातीशी चिकटला तो तिथेच राहिला. मूठ वळलेली, आणि जाणीव काही नाही. व्यायाम करून घेणाऱ्या बाई टाचणी टोचायच्या, हा दुसरीकडे बघत बसायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हात परत येईल किंवा येणारही नाही, पण वापरलाच नाही तर नक्की येणार नाही. दादूसने त्यातलं शेवटचं तेवढं मनावर घेतलं. हातावर एक नॅपकिन टाकला आणि घराबाहेर पडणं बंद केलं. पिळायला दिलेला स्पंजचा बॉल कुत्र्याला टाकला. कुत्र्याचा व्यायाम उत्तम झाला. जेट्टीवरचे दोस्त भेटायला आले की हा डोळे मिटून घोरायचा, आणि घोरणं इतकं खोटं की बिचाऱ्यांना हसू दाबत बाहेर पडावं लागायचं.

वहिनी मला फोन करून रडायची. मी जायचे, ओरडायचे, तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. एकदा मी त्याला म्हटलं, चल, मासे धरायला जाऊ. तर म्हणतो, एका हाताने उवा पण मारता येत नाहीत, मासे कसले धरतेस. मेलेला हात लोकांसमोर कशाला मिरवायचा, असंही म्हणाला. तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. मला पोहायला त्याने शिकवलं, म्हणजे खाडीत ढकलून दिलं. त्याला असं नॅपकिनखाली झाकून बसलेलं बघून माझा जीव तुटायचा, आणि जीव तुटला की माझं तोंड सुटतं. त्या दिवशीही सुटलं. घरी येईपर्यंत मी ठरवलं की याला जेट्टीवर नेऊन बसवायचाच, आणि एका हाताने मासे धरता येतील असं काहीतरी शोधायचं.

कल्याणच्या जुन्या बाजारात खाडीकडे उतरताना जाळी, शिसं, गळ विकणारं एक दुकान आहे. दुकानदाराला मी सगळं सांगितलं. त्याने डोकं चालवलं. रॉड हातात धरायचाच नाही, पाइपात खोचायचा, पाइप दगडात पक्का करायचा. रीलचं हँडल डाव्या बाजूला. म्हणजे डाव्या हाताने नुसतं फिरवायचं. मला ते एकदम पटलं. पायमशीनला हँडल लावून बसल्या जागी शिवतात तसंच.

मग निघाला दोरा. त्याने समोर रिळांची रांग लावली. एक विणलेला होता, रेशमासारखा. बारीक असून तुटत नाही म्हणाला. मी सवयीने दाताखाली धरून बघितला, तर तो म्हणाला, मॅडम, दात जाईल. एक पाण्यात दिसतच नाही म्हणे. आमच्या खाडीचं पाणी चहासारखं, त्यात माशाला स्वतःची शेपटी दिसत नाही, दोरा काय दिसणार. शेवटी साधा तंगूस घ्यायचं ठरलं. त्याने विचारलं, कितीचा देऊ. मी म्हटलं, जाड हवा, वीस नंबर द्या.

शिवणाच्या दोऱ्यात नंबर चढला की दोरा बारीक होतो. साठ नंबर बारीक, वीस नंबर म्हणजे जीन्स शिवा, गोणी शिवा. हे मला झोपेत ठाऊक. तंगूसाचं सगळं उलटं असतं, हे त्या दुकानदाराने सांगितलं नाही, आणि मी असल्या तोऱ्यात मागितला की त्याला वाटलं असेल, बाईला माहितीय. त्याने दिलेल्या रिळावरचा दोरा बारीक दिसला, पण मी म्हटलं नायलॉन आहे, असेल. गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती, अक्कल वापरली असती तर.

मी ते सगळं कोलशेतला नेऊन दादूसच्या खाटेवर ओतलं. रॉडकडे त्याने बघितलं नाही. रीलकडे बघितलं नाही. दोऱ्याचं रीळ डाव्या हातात घेतलं, अंगठ्याने टोक सोडवलं, डोळ्यांजवळ नेलं. मग माझ्याकडे असं बघितलं की मला आमचा बाप आठवला.

"यो काय आनलंस गो?" तो म्हणाला. "यानं केस पन बांधाचे नाय."

आणि मग जो सुटला! जिताड्याच्या गालफडाची कड म्हणजे पाती असते, त्याने एकदा मान हलवली की हा दोरा गेला. जेट्टीच्या दगडांना कालवं चिकटलेली, त्यांच्यावर घासला की गेला. शिंपीण ती शिंपीणच. मी म्हटलं, मग तो विणलेला आणू का, तो तुटत नाही. तर आणखी भडकला. तो तुटत नाही, बोटं तोडतो, म्हणाला. रीलने दगा दिला तर हाताने ओढायची वेळ येते, तेव्हा तो दोरा सुरीसारखा मांसात शिरतो. सत्तर नंबर आण, म्हणाला, जाड, हाताला धरवेल असा. बोलता बोलता तो कधी उठून बसला ते त्याचं त्याला कळलं नाही. वहिनी दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी कुणाला इतकं मनापासून झापलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी ब्लाऊजांची गिऱ्हाइकं रखडत ठेवली आणि पुन्हा कल्याणला गेले. सत्तर नंबर आणला. दादूसने तो तपासला, दातात धरून ताणला, हुंगला सुद्धा. पास केला. फक्त एक अट घातली, नॅपकिन निघणार नाही. मी म्हटलं, राहू दे, डोक्यावर पण एक टाक.

रविवारी भरतीची वेळ बघून निघायचं ठरलं. पण आमच्यात नवी वस्तू अशीच कशी वापरायची? स्कूटर आली पूजा, फ्रीज आला पूजा, गेल्या वर्षी मिक्सरच्या भांड्याला सुद्धा स्वस्तिक निघालं होतं. वहिनीने रॉड पाटावर ठेवला, रीलला हळदकुंकू लावलं, ओलं, चांगलं बोटभर. वरून अक्षता टाकल्या, मूठभर, मन लावून. नवऱ्याने घराबाहेर पडावं म्हणून तिने कुठले कुठले नवस केलेले, ती काय चार दाण्यांवर थांबते? मीही हात जोडले. दादूस तेवढा म्हणाला की भाताची रास रचून झाली असेल तर निघूया.

जेट्टीवर गेलो. तीन-चार पोरं आधीच उभी होती, टॉवरमधली असावीत. डोळ्यांवर गॉगल, अंगात पन्नास खिशांची जॅकेटं, आणि रॉड असे की सॅटेलाइट पकडतील. मी पाइप दगडांत ठोकून बसवला. प्लास्टिकच्या खुर्चीवर दादूसला बसवलं. गळाला जिवंत कोळंबी मी लावली, त्याने शिव्या घालत शिकवलं. दोरा फेकला मीच, तो पडला भलतीकडे. त्याने नॅपकिन नीट केला आणि पोरांकडे पाठ करून बसला. मी वहिनीला फोन करून सांगितलं की बसलाय.

बराच वेळ काही झालं नाही. मग रॉड एकदम वाकला. वाकला म्हणजे पाण्याला टोक लागलं. दादूसने डाव्या हाताने हँडल धरलं आणि फिरवलं. अर्धं फिरलं आणि खट्. पुढे नाही, मागे नाही. मी वाकून बघितलं तर आत कुंकवाचा लगदा, आणि त्यात एक तांदळाचा दाणा असा अडकून बसलेला की देवाने स्वतः बसवलाय. दादूसने वहिनीच्या भक्तीबद्दल जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रॉड पाइपासकट निघायला लागला. दादूस उठला. काठी खाली पडली. त्याने डाव्या हाताने दोराच धरला आणि ओढला. हातभर आला. पण आलेला दोरा धरून ठेवायला दुसरा हात नाही. पुढची पकड घ्यायला सोडला की मासा तेवढाच परत नेतो. मी धावले, दोरा धरायला हात घातला, तर ओरडला, "सोड, माजा हाय." माझी अशी तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, मर मेल्या, जा माशाबरोबर.

आणि तेव्हा त्याने तो वाकलेला उजवा हात पुढे केला. म्हणजे अख्खं अंगच तिरकं केलं आणि कोपर पुढे आणलं. डाव्या हाताने दोरा ओढायचा आणि त्या कोपराभोवती एक वेढा. पुन्हा ओढायचा, पुन्हा वेढा. घट्ट वळून बसलेला हात, खुंटीला गुंडाळल्यासारखा दोरा त्यावर बसत गेला. नॅपकिन उडून खाडीत गेला, त्याने बघितलंही नाही. पोरं जवळ येऊन उभी राहिली. त्यातल्या एकाने मोबाइल वर केला, मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तो खिशात घातला, नेमका कुठल्या खिशात ते त्याला नंतर सापडलं नसणार.

मी तेव्हा मनातल्या मनात ज्या देवांना कधी नमस्कार केला नाही त्यांनाही हाक मारली. मासा नको होता मला. मला एवढंच हवं होतं की दोरा तुटू नये. तुटला असता तर हा माणूस घरी जाऊन जो झोपला असता तो पुन्हा उठला नसता. सत्तर नंबर टिकला.

मासा वर आला. मोठा होता, मिशा होत्या. शिंगाळा निघाला. जिताडा राहिला बाजूला, चिखलातला मिशाळ शिंगाळा, आणि वर आल्या आल्या दादूसवरच गुरगुरायला लागला. मला हसू आवरेना. पोरंही हसली, दादूस तर खुर्चीत पडून हसला. तुझ्या वहिनीला शोभेल असाच आलाय, म्हणाला, पूजा केलेला.

मग मी त्याच्या हातावरचा दोरा सोडवायला बसले. वेढे मांसात रुतलेले, खाली लाल वळ उठलेले. एकेक वेढा काढत होते, आणि माझ्या लक्षात आलं की हा हसायचा थांबलाय. तोंड वाकडं केलेलं. वाटलं, दुसरा झटका. मी विचारलं, काय होतंय, दादूस, बोल ना.

तो हाताकडे बघत होता.

"दुखतं गो," तो म्हणाला.

मी म्हटलं, कुठे. त्याने डाव्या हाताच्या बोटाने दाखवलं. कोपराच्या खाली, वळावर. माझा विश्वास बसेना. इतके महिने टाचण्या टोचून झाल्या होत्या. मी त्याला म्हटलं, तिकडे टॉवरकडे बघ, इकडे बघू नकोस. त्याने मान फिरवली. मी मनगटाजवळ, जिथे दोरा लागलाच नव्हता तिथे, दोन बोटांत कातडी धरली आणि कचकचून चिमटा काढला.

दादूसने जेट्टीवरच्या सगळ्यांसमोर मला आईवरून शिवी दिली, जी त्याचीही आई होती. मला रडू यायला लागलं. मी डोळे पुसले आणि थोडं खाली, बोटांजवळ, दुसरा चिमटा काढला.