हिरव्या शाईतले सल्ले

महाल भागातल्या आमच्या छोट्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाला सुतळीने बांधलेली एक सूचनावही होती. सभासदांनी तक्रारी लिहाव्यात म्हणून ठेवलेली. तिच्यात कुणीतरी एकदा लिहिलं, 'रामटेकला पायी जायचे आहे. कोणी गेले आहे काय?' आणि खाली उत्तरांची रांग लागली. त्यानंतर पंखा बंद असल्याची तक्रार कुणी केली नाही; वही पायी चालणाऱ्यांची झाली. नाव कुणी लिहीत नसे. ओळख फक्त शाईवरून.

माझी शाई हिरवी. ती खरं तर साहेबलोकांची, आणि मी कोराडीच्या नव्या वीजघरात साधा कारकून. पण वहीत विचारतो कोण? रामटेक मी दोनदा पायी केलं होतं, त्यामुळे तिथे माझा शब्द शेवटचा. मोजे उलटे घाला, शिवण टोचत नाही. खिशात कांदा ठेवा. फोडातून सुई काढा, पण दोरा आतच राहू द्या. कन्हानच्या पुलावर बसू नका, पाय धरतात. कुणी कचरला तर मी असा दम भरायचो की पुढच्या रविवारी तो निदान कामठीपर्यंत तरी जाऊन यायचा. उंटावरून शेळ्या हाकायची मला मोठी हौस.

एका हिवाळ्यात वहीत पेन्सिलीचं बारीक अक्षर दिसू लागलं. 'एका दिवसात न झाल्यास चालेल काय?' 'हळू चालणाऱ्याने मुक्काम कुठे करावा?' मी ठोकून दिलं, 'हळूबिळू काही नसते. दोन धड पाय पाहिजेत, झाले. निघा!' काही दिवसांनी खाली पेन्सिलीने उत्तर आलं, 'सोमवारी निघतो.'

सोमवारी संध्याकाळी गेलो तर वाचनालयाला कुलूप. शेजारचा पानवाला म्हणाला, "चाबी माझ्यापाशी देऊन गेला ना तो. रामटेकले गेला, पायी."

तो म्हणजे आमचा वाचनालयाचा शिपाई. वहीशेजारी रोज वर्तमानपत्रं मांडणारा. लहानपणीच्या तापात त्याचा डावा पाय वाळला होता. गुडघा हाताने दाबल्याशिवाय त्याला एक पाऊल टाकता येत नसे. धड पाय म्हणे! मला स्वतःची भयंकर लाज वाटली. वाटेत कुठे तो कोसळला असेल तर माझ्यामुळे.

रजा बुधवारी मिळाली. एसटीने कन्हान गाठलं आणि चहाच्या टपरीवर विचारलं. "परवा रात्री याच बाकावर झोपला होता," टपरीवाला म्हणाला. "म्या म्हटलं मोटारीनं जा, तं हसला." पुढची गाडी धरली. रामटेकच्या अलीकडे, मनसरच्या जवळ तो खिडकीतून दिसला. मी ओरडून गाडी थांबवली आणि खाली उतरलो.

"चाल गा, एसटी उभी हाये. लय झालं."

"तुम्ही काहून आले जी?" तो म्हणाला. "जाऊ द्या तिले."

एसटी गेली. मी त्याच्याबरोबर चालू लागलो. हात गुडघ्यावर, पाय पुढे, एक श्वास. पुन्हा हात गुडघ्यावर. त्याच्या पँटीचा तेवढाच भाग तळहाताच्या घामाने काळा पडला होता. महालापासून इथवर तो हात किती वेळा खाली गेला असेल, हे मोजायला गेलो आणि मध्येच सोडून दिलं. मोजे उलटे होते. खिशातून त्याने कांदा काढून दाखवला. कांदा ऊन लागू नये म्हणून, फक्त उन्हाळ्यात ठेवायचा, हे लिहायचं मी विसरलो होतो. एवढ्या थंडीत हा माणूस तीन दिवस कांदा वागवत होता! मी हसलो नाही. इतका थक्क मी आयुष्यात कधी झालो नाही. दोन तासांच्या वाटेला आम्हाला दुपार उलटून गेली, आणि त्या वाटेत मला एकही सल्ला सुचला नाही.

गडाच्या पायथ्याशी तो पहिल्या पायरीवर बसला. वर पाहून नुसता हसत राहिला. माझे डोळे भरून आले.

"जिंकलास गा," मी म्हटलं. "आता एसटीनं घरी."

"एसटीनं काहून?" त्याला नवलच वाटलं. "यायची वाट सगळ्यायनं लिवली. पायी वापस जाताना कसं करायचं, ते वहीत कोणीच नाही लिवलं. तुम्ही सांगा ना."

दोन्ही वेळा मी रामटेकहून एसटीनेच परतलो होतो. वहीतले आम्ही सगळेच.

मी त्याच्याशेजारी पायरीवर बसलो आणि म्हणालो, "मले नाही माहीत."