एक ठोका म्हणजे ठीक

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच लिहून टाकते. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की बाकीच्या बायका हात जोडून बसतात, मी उठून घरी येते आणि कुकर लावते. दाराला कधी लिंबू-मिरची बांधली नाही, लेकीची दृष्ट काढली नाही. या सदरातले अनुभव वाचूनसुद्धा मी हसायचे. त्यामुळे आज कुणी माझ्यावर हसलं तर माझी काही तक्रार नाही.

आमचं घर कनेरगाव नाक्याला, हिंगोली–वाशिम रस्त्यापासून दोन घरं आत. चौऱ्याण्णव साली बांधलं. हे तिथल्याच हायस्कुलात मराठी शिकवतात. विज्ञान नाही, मराठी — हे जरा लक्षात ठेवा. घर बांधताना ह्यांचं प्लंबरशी वाजलं, आणि नळाचं सगळं काम ह्यांनी स्वतःच अंगावर घेतलं. दोन पाने, एक हॅकसॉ आणि टेपचं एक रीळ, एवढ्यावर आमचे मराठीचे सर इंजिनिअर झाले! कुणाच्या घरी गेलो तरी आधी नळ बघायचे, मग माणसं. मला भारी लाज वाटायची.

समोरच्या अंगणात जमिनीखाली हौद होता, पुरुषभर खोल. बोअरचं पाणी त्यात पडायचं. हौदातून एक पाइप भिंतीच्या कडेने घराच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या मोटारीला यायचा, आणि मोटार ते पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायची. आमच्याकडचं पाणी जड. वर्षभरात हौदाच्या भिंतींवर पांढरा थर बसायचा. म्हणून दर मे महिन्यात हौद रिकामा करून हे आत उतरायचे आणि घासायचे.

आता ठोक्यांचं सांगते. माझं माहेर गोरेगावचं. वडील शेती आणि मेंढरं सांभाळून लोकांच्या विहिरींतला गाळ काढायला जायचे. त्यांचा एक नियम होता — विहिरीत उतरलेल्या माणसाला वरून नावानं हाक मारायची नाही. लोखंडावर लोखंड वाजवून इशारा करायचा. मी लहानपणी एकदा कारण विचारलं होतं.

"नावानं मारलेली हाक त्याच्या आधी दुसऱ्यालाच ऐकू जाती," वडील म्हणाले.

"दुसऱ्या कुणाला?"

"ते कशाला इचारून राहिली? न्हाई मारायची म्हंजी न्हाई."

माझा त्यावर विश्वास नव्हताच. पण ठोक्यांची पद्धत मला सोयीची वाटली. एक तर आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत. मी ह्यांचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. आणि दुसरं म्हणजे हौद पुढे, स्वयंपाकघर मागे. पण पाइप लोखंडी, जीआयचा. ह्यांनी आतून पाना आपटला की ओट्याखाली ठण्ण वाजायचं. एक ठोका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे वर काढ. ज्याने ऐकलं त्याने उलट एक ठोका द्यायचा. मी माझी सांडशी आपटायची. सात-आठ उन्हाळे असे बिनबोभाट गेले.

मग तो पाइप गंजला. नळाला सकाळी-सकाळी लाल पाणी यायला लागलं, पांढरे कपडे पिवळे पडले. पुन्हा जीआय टाकायचा की पीव्हीसी, यावर ह्यांनी आठवडाभर विचार केला. जणू पोरीचं स्थळ बघत होते. शेवटी पीव्हीसी आणला. गंजायचा प्रश्न नाही, जोडायला सोपा. जुना पाइप उपटून काढला आणि परसात दोडक्याच्या वेलाला आधार म्हणून रोवला. हे झालं दिवाळीच्या सुमाराला. पुढचा मे आला तो २००३ चा.

त्या दिवशी दुपारी वारंगा फाट्याहून माझी नणंद जेवायला येणार होती. आणि ह्यांनी नेमकी त्याच सकाळी मोटार लावून हौद उपसला.

"अहो, उद्या करा की. पाव्हणे येऊन राहिले."

"पाव्हण्याला स्वच्छ पाणी नको? तू तुझा स्वयंपाक बघ."

मी ह्यांच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक फाटकाच्या खांबाला. हाही वडिलांचाच नियम. म्हटलं, "नेहमीसारखं ठोकत जा." हे म्हणाले, "व्हय व्हय." पाइप बदललाय हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. ज्यांनी तो स्वतःच्या हाताने बसवला त्यांच्याही नाही!

मी मागे येऊन कणीक मळायला घेतली. थोड्या वेळाने ओट्याखाली वाजलं — ठण्ण. मी आपली मनातच 'ऐकलं' म्हटलं, कारण दोन्ही हात कणकेत होते. पुन्हा एकदा, ठण्ण. पुन्हा एकदा. एरवी हे ठोकायला विसरायचे आणि मला अंगणात जाऊन बघावं लागायचं. आज मात्र अगदी बराबर वेळेवर ठोके येत होते. मला बरं वाटलं... खरं सांगते, मी खूश होते. भाजीला फोडणी दिली, कणीक झाकली. लोखंडाचा तो स्वच्छ आवाज येत होता आणि मी निर्धास्त होते. याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मग हात धुतले आणि उत्तर द्यावं म्हणून सांडशी घेऊन वाकले. पाइपवर आपटली.

टप्.

वाटलं भिंतीला लागली असेल. पुन्हा नीट नेम धरून मारली. टप्. प्लॅस्टिकच्या बादलीवर मारल्यासारखा मेलेला आवाज. तेव्हा मी ओट्याखाली नीट बघितलं. राखाडी पाइप. पीव्हीसी!

तेवढ्यात माझ्या डोळ्यांदेखत, त्याच पाइपमधून आवाज आला — ठण्ण.

मी त्याच्यावर तळहात ठेवला. का ठेवला, माहीत नाही. पुन्हा आवाज आला, लख्ख, लोखंडाचा... आणि हाताखाली पाइप जरासुद्धा थरथरला नाही. खिडकीतून परसात पाहिलं. जुना पाइप दोडक्याखाली उभा होता.

मी पळत अंगणात आले. हौदाच्या तोंडाशी पोचायच्या आधीच नाकाडोळ्यांत झोंबलं. आत हे भिंतीला टेकून बसले होते, मान छातीवर, पाना मांडीवर. "अहो!" म्हणून ओरडले. पुन्हा "अहो!" हलले नाहीत. वडिलांचा नियम मला आठवला, अगदी स्पष्ट आठवला. पण माझा माणूस डोळ्यांसमोर मरत होता. मी बेंबीच्या देठापासून त्यांना नावाने हाक मारली. एकदाच.

ते नाव मी इथेही लिहीत नाही.

समोर रशीदभाईंची भाड्याची जीप उभी असायची. ते आणि त्यांच्याकडे बसलेलं एक गिऱ्हाईक धावत आले. मी शिडीवर पाय ठेवला होता. "भाभी, तुम मत उतरो! दो-दो लाशें निकालनी पडेंगी," असं म्हणत त्यांनी मला मागे ओढलं, ओला रुमाल तोंडाला बांधला आणि दोघांनी मिळून दोर खेचला. हे वर आले तेव्हा ओठ निळे होते. अंगणात आडवं केलं, तोंडावर पाणी मारलं. मग छातीतून घरघर आली, आणि मी तिथेच मातीत बसले.

तेव्हा आमच्या पाठीमागे, हौदात, पुन्हा आवाज झाला — ठण्ण.

रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "भाभी... अंदर और कौन है?"

"कुणीच न्हाई," मी म्हणाले.

ते वाकून आत बघून आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. जीप काढली आणि थेट हिंगोली गाठलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी उलगडा केला. भिंतीचा थर जात नाही म्हणून ह्यांनी आधी ॲसिड ओतलं होतं, आणि ते धुऊन न काढताच वर ब्लीचिंग पावडर टाकली होती. दोन्ही एकत्र आलं की विषारी वायू होतो. मराठीच्या सरांना कुठून माहीत असणार! वाचणाऱ्यांनी निदान एवढं तरी लक्षात ठेवा — हे दोन कधीही एकत्र वापरू नका, आणि बंद हौदात एकट्याने उतरू नका.

तिथपर्यंत सगळं विज्ञानात बसतं. पुढचं बसत नाही.

चौथ्या दिवशी ह्यांचा घसा जरा मोकळा झाला. पहिलंच वाक्य माझ्यावर रागावून.

"यायला एवढा उशीर काहून केला गं? मी दोन ठोकले होते."

"मला दोन न्हाई ऐकू आले. एकेकच येत होता."

"काय बोलून राहिली? घसा आवळला, आवाज फुटंना, पायांतलं बळ गेलं. तवा मी दोन ठोकले. आन् तू वरून एक ठोकला, ठण्ण करून. म्हटलं, ऐकलं हिनं, आली आता. म्हणून बसून राहिलो. पुन्हा दोन ठोकले, पुन्हा तुझा एक आला. मग मी निवांत डोळे मिटले."

मी पलंगाचा दांडा घट्ट धरला. तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते. तोवर मी उत्तर दिलंच नव्हतं. म्हणजे मला कुणीतरी सांगत होतं की ते ठीक आहेत, आणि त्यांना सांगत होतं की मी येतेय. दोघांनाही जागेवर बसवून ठेवलं होतं.

घरी आल्यावर मी रशीदभाईंना हौदाच्या तोंडाशी बसवलं आणि वरूनच वाकून पाइपवर पाना मारायला लावला. स्वयंपाकघरात मला कणभरही आवाज आला नाही. ह्यांनीही दोन-तीन कारणं काढून पाहिली — बोअरचा केसिंग पाइप, मोटारीचा व्हॉल्व्ह, माझे कान. एकही त्यांना स्वतःलाच पटलं नाही. शेवटी मीच मुरूम टाकून हौद बुजवला आणि बोअरचं पाणी सरळ गच्चीवरच्या काळ्या टाकीत घेतलं. हे चार दिवस फुगून होते.

मला वाटलं, संपलं.

त्याच दिवाळीत एका सकाळी हे बेसिनपाशी दाढी करत होते. गालाला साबण तसाच, आणि हसत-हसत स्वयंपाकघरात आले.

"काय गं, आज एकदम मॉडर्न? चक्क नावानं हाक मारून राहिली!"

हौदातली ती हाक ह्यांना माहीत नव्हती. हे बेशुद्ध होते. मी सांगितलं नव्हतं, रशीदभाईंनीही नाही. मी विचारलं, आवाज कुणाचा होता? म्हणाले, तुझाच की. कुठून आला? ह्यांनी बेसिनकडे हात केला... खाली, पाणी जातं तिथे.

तेव्हा मी सगळं सांगून टाकलं आणि घरात नियम केला. मी 'अहो' म्हटलं तरच ओ द्यायची. नावाने हाक आली तर ती माझी नाही. पाच वर्षं झाली याला. वर्षातून एक-दोनदा हे मोरीतून किंवा बेसिनपासून उठून येतात आणि माझ्याकडे नुसते बघतात. मी मानेनेच 'नाही' म्हणते. याचं कारण मला आजही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा, मी हसणार नाही.

आजवर ह्यांनी कधी ओ दिली नव्हती. पण माणूस आहे, विसरतो. परवा जेवण झाल्यावर हे मोरीत हात धुवत होते. मी टॉवेल घेऊन शेजारीच उभी होते, तोंड बंद. ह्यांनी खाली वाकल्या वाकल्या, आपल्याच नादात, अगदी प्रेमाने म्हटलं —

"ओ... आलो, आलो."