मागच्या दारावरची मूठ

गाडीतलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. पण मागच्या सीटवर बसून मी जेवढी फिरले, तेवढं आमच्या गावात कोणी फिरलं नसेल. आरमोरीहून आत, जंगलाच्या कडेला आमचं गाव. कोणाच्या लेकीला, सुनेला कळा सुरू झाल्या की दवाखान्यात सोबत जायला जाणती बाई लागते, आणि ती बाई म्हणजे मी. मला कोणी नेमलं नाही, होता होता झाले. जीप असो, टेम्पो असो, मिळेल त्यात बसायचं, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घ्यायचं आणि रस्ता संपायची वाट पाहायची.

त्या वर्षी माझीच लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आली. दिवस भरत होते ते नेमके भर पावसाळ्यात. आमच्या रस्त्यावर नाला आहे. त्याचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, पाण्याखाली गेला की सरकारी गाडी पलीकडेच थांबते. मग उरते जंगलातून वळसा घालून जाणारी वाट, आणि तिथं मोबाइलला रेंज नाही. म्हणून पोरगा म्हणाला, घरची गाडी घेऊन टाकू, जुनी का असेना.

घुग्घुसचा एक दलाल गाडी दाखवायला आरमोरीला घेऊन आला. दुधी रंगाची, धुऊनपुसून लख्ख केलेली.

"मास्तरची गाडी आहे भाऊ. एकच मालक. हप्त्यातून एक डाव काढे, बजारासाठी. एक्केचाळीस हजार चालली, मीटर पाहून घ्या."

पोरानं मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून बरंच शिकून ठेवलं होतं. वाकून पेडलचे रबर पाहिले, नवे. स्टिअरिंगला नवं कव्हर, पायाखाली नव्या चटया, टायरही नवे.

"एवढं सारं नवं काऊन?"

"मास्तर हौशी माणूस होता भाऊ."

तोवर मी मागच्या सीटवर डावीकडे जाऊन बसले होते. सवयच ती. बसले आणि हात आपसूक वर गेला, दाराच्या वर धरायची मूठ असते ना, तिच्यावर. नव्या गाडीत ती खरखरीत असते, बारीक दाणे असतात. हिचे दाणे गेले होते. जिथं बोटं वळतात तिथं ती जुन्या जात्याच्या खुंट्यासारखी गुळगुळीत झाली होती. एका टोकाचा स्क्रू हलत होता, आणि छताच्या कापडावर नखांचे ओरखडे होते. मी सरकून उजवीकडची मूठ चाचपली. ती कोरी. पुढचीही कोरी.

बाजाराला जाणारी बाई मांडीवरची पिशवी धरते. ती मूठ तशी कोण धरतं, ते मी आयुष्यभर शेजारी बसून पाहिलंय.

"काऊन बापू, मास्तरीणबाई मांगंच बसे का?"

"बसत असन."

"किती बाळंतपण झाले तिचे?"

दलाल हसला. "काय बाई, गंमत करून राह्यल्या. मले कसं माईत?"

"या मुठीले माईत आहे. आन एक्केचाळीस हजारात एवढे होत नाई."

पोरगा चिडला. त्याचा जीव त्या गाडीत अडकला होता. "माय, मुठीवरून कुठी गाडी पाह्यतेत का? चालवून पाहू, मंग बोल."

निघालो. आरमोरी मागं पडली, दोन्हीकडून साग आणि ऐन जवळ आले. वाघाच्या वावराची पाटी गेली. मी दोन सीटांच्या मधून मान पुढं काढून बसले होते. रस्त्याच्या कडेचा किलोमीटरचा दगड गेला. मग दुसरा. तिसरा. वेगाचा काटा नीट हलत होता, पण खालचा आकडा जागचा हलला नव्हता. मीटर मागं फिरवतात हे पोराला माहीत होतं. मीटरला पुढं जाऊच देत नाहीत, हे त्यालाही नवीन होतं. त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले.

"भाऊ, आकडा हालून नाई राह्यला."

"थंडीनं होते तसं. गरम झाली का धरते."

"सावनात थंडी?" मी म्हटलं.

दलालानं मीटरच्या काचेवर दोन टिचक्या मारल्या. तिथं खाली उतरायची कोणाची छाती नव्हती, म्हणून आम्ही तिघं त्याच गाडीतून माघारी आलो. झाडं मागं जात होती, दगड मागं जात होते, आणि त्या मीटरच्या मते आम्ही कुठं गेलोच नव्हतो. ती गाडी खरी किती चालली असेल, याचा विचार मी करायला लागले आणि मधेच सोडून दिला.

गाडी घेतली नाही. घरी आल्यावर पोरगा माझ्याकडं न पाहता म्हणाला, "मंग तिले बैलबंडीत नेशीन का?" मी चुलीतली लाकडं पुढं सारत बसले.

आणि झालं तेच. एका दुपारी लेकीला कळा आल्या, आणि रपट्यावरून पाणी वाहत होतं. पोरानं सुचेल त्याला फोन लावले. नाल्याच्या अलीकडच्या एका गावात कोणीतरी नुकतीच गाडी घेतली होती, तो येतो म्हणाला. आली ती दुधी रंगाची. तेव्हाही मी मनाला म्हटलं, दुधी गाड्या काय कमी असतात? लेकीला डावीकडे बसवलं. तिचा हात वर गेला, तिच्या मागोमाग माझा, त्याच गुळगुळीत मुठीवर.

मी पुढं वाकून आकडा पाहिला. अडतीस हजार. एवढे दिवस ही गाडी रस्त्यावर धावली होती, आणि आकडा खाली उतरला होता.

पोरानंही ओळखली होती. "माय?" एवढंच म्हणाला. लेक कण्हत म्हणाली, "चाल ना माय, थांबू नको." मी दार ओढून घेतलं.

जंगलात शिरल्यावर इंजिन खोकायला लागलं. चढावर दम खाई, उतारावर कुठंतरी खालून लोखंड घासे. आधी बडबड करणारा ड्रायव्हर आता पुढं वाकून इंजिनाचा आवाज ऐकायला लागला. मी दगड मोजायचे नाहीत असं ठरवलं आणि मोजत राहिले. एक मोठी कळ आली आणि डोक्यावर कट्‌कन आवाज झाला.

"काय तुटलं?" ड्रायव्हरनं विचारलं.

"काई नाई. तू समोर पाह्य."

मूठ लेकीच्या हातात आली होती. तिनं ती सोडली नाही, छातीशी धरूनच दवाखान्यात उतरली. पोहोचलो एवढं खरं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मूठ कोणी मागितली नाही. बाळाच्या लंगोटांच्या पिशवीतून ती घरी आली, आणि आजही आमच्या फळीवर डब्यामागं पडून आहे.

नातीच्या दीड महिन्याच्या सुईच्या दिवशी आरमोरीच्या स्टँडवर ती गाडी उभी दिसली. राहवलं नाही, जवळ गेले. मागच्या दारावर नवी कोरी मूठ, वरचा प्लास्टिकचा कागदही काढलेला नव्हता. सीटचं कव्हर नवं, छताचं कापडही नवं. आता त्या गाडीत खरं सांगणारं काहीच उरलं नव्हतं. मुठीखाली दिवस भरलेली एक पोर बसली होती, शेजारी तिची सासू.

"इच्यात नोका बसू," मी काचेतून म्हटलं. "ही लई चाललेली गाडी आहे. उतरा."

सासूनं सगळी गाडी नजरेखालून घातली, मग मीटरकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "नवीनच तं दिसते बाई. आन उतरून जाऊ कशात?"

हाच प्रश्न माझ्या पोरानं विचारला होता. पोरीनं हात वर नेऊन मूठ धरली. ड्रायव्हरनं चावी फिरवली. लागली नाही. परत फिरवली, मग लागली, आणि गाडी जंगलाच्या रस्त्याकडं वळली.