बर्मिंगहॅममधलं दारावरचं झाकण

हीथ्रोला उतरल्यावर लोक आधी काय बघतात ते मला ठाऊक नाही. मी दारावरची पेटी बघितली. काचेची दारं आपोआप बाजूला सरकली, बाकीचे प्रवासी बाहेर पडले, आणि मी बॅग मध्येच ठेवून मान वर करून उभी. मागून एक बाई ‘एक्स्क्यूज मी’ म्हणाल्या, पण त्या आवाजात ‘सर की बाजूला, बये’ स्पष्ट ऐकू आलं.

माझा इलाज नव्हता. मी आले होते ती त्या पेटीसाठीच. आपोआप उघडणाऱ्या दाराच्या डोक्यावर एक लांब पेटी असते. आत मोटर, पट्टा, चाकं, आणि समोरून ॲल्युमिनियमचं झाकण, चांगलं पुरुषभर लांब. बर्मिंगहॅमची एक कंपनी हे झाकण स्क्रूंनी आवळून बसवायची. आमची भोसरीची कंपनी त्यांचे सुटे भाग करायची, आणि आमचं ड्रॉइंग ऑफिस त्यांची ड्रॉइंगं मुकाट्याने गिरवायचं. नव्वदीच्या सुरुवातीला त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, की बिजागरीवर उघडेल आणि हवं तेव्हा काढूनही ठेवता येईल, असं झाकण तुम्ही सुचवाल का? मी सुचवलं. म्हणून नमुन्यासकट मलाच धाडलं.

बर्मिंगहॅमला माझी मावसबहीण मृणालताई राहते. ती तिथल्या हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर. कोच (लांब पल्ल्याच्या बसच्या) स्टेशनवर मला घ्यायला आली ती ड्यूटीवरून तशीच.

“काय गं नीला, इतकी शिकलीस, नोकरीला लागलीस, आणि आलीस काय घेऊन, तर झाकण!” ती म्हणाली. “आईला फोनवर सांगताना मी ‘मशीन’ म्हणाले हं.”

घरी वरण-भात होता आणि ब्रसेल्स स्प्राउट्सची (बोराएवढ्या कोबीची) मोहरी-हिंगाची भाजी. ती भाजी कडवट लागली, पण दमून आल्यावर कोण तक्रार करतं! मी दोनदा घेतली.

दुसऱ्या दिवशी कंपनीने मला डेरेकच्या ताब्यात दिलं. डेरेक म्हणजे दारं बसवणारा आणि दुरुस्त करणारा फिटर. पन्नाशीचा, लालबुंद, तोंडात सतत पुदिन्याची गोळी. त्याच्या व्हॅनच्या टपावर शिडी बांधलेली. आम्ही निघालो मिल्टन कीन्सला. या गावात वळणावळणाला राउंडअबाउट (गोल चौक), इतके की तिसऱ्या चौकात मला गरगरायला लागलं. डेरेकने व्हॅन थांबवून मला चीज घातलेला कॉब (गोल, जाड सालीचा पाव) खायला लावला. “पोट रिकामं ठेवू नकोस, बॅब,” म्हणाला. बॅब म्हणजे बाळ. बर्मिंगहॅमला म्हणे बसमधल्या आजीबाईंनाही बॅब म्हणतात. मला आधी राग आला, मग आवडायला लागलं.

तिथल्या मोठ्या दुकानांच्या दारावर त्याने जुनं झाकण कसं उघडतात ते दाखवलं. स्क्रू काढले, आणि सुटं झालेलं झाकण डाव्या खांद्यावर तोलून उजव्या हाताने आतली दुरुस्ती करू लागला. शिडीवर उभं राहून! कळ येतेय हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“खांद्याचं काय झालंय?” मी विचारलं.

“झाकणं झालीत,” तो म्हणाला. “इतकी वर्षं हेच. आता डॉक्टर म्हणतो, ओझं बंद. साहेब म्हणतात, तुझं झाकण चाललं तर मी शिडीवर. नाही चाललं तर पुढच्या महिन्यापासून स्टोअररूममध्ये. तिथे खिडकीसुद्धा नाही गं. मला दारं आवडतात. माणसं येतात, जातात.”

मला धस्स झालं. मी समजत होते, आमच्या ड्रॉइंग ऑफिसच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. इथे एका माणसाचं अख्खं काम माझ्या आकड्यांवर लटकलं होतं.

आणि आकडेच होते ते. माझ्या झाकणाच्या वरच्या कडेला आकडे होते, पेटीला आडवा दांडा. आपण दांडीवर हँगर अडकवतो तसं झाकण अडकवायचं, खालून उचलून उघडायचं, आणि आधाराची पट्टी लावायची, की ते उघडंच राहतं. काढायचं तर सरळ वर उचलून आकडे दांड्यावरून सोडवायचे. मिल्टन कीन्सला छत उंच होतं. नमुना झोकात बसला. डेरेकने शिट्टी वाजवली, आणि परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात भोसरीला पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेलो. ताईच्या नव्हे, दुसऱ्याच एका. खरी चाचणी पुढच्या शुक्रवारी तिथेच व्हायची होती. मी आधी बघावं म्हणून स्वतः शिडीवर चढले, पेटीच्या वर हात घालायला गेले, आणि बोटंच शिरेनात! पांढऱ्या चौकोनी तक्त्यांचं खोटं छत पेटीला चिकटूनच होतं. थंडीच्या देशात वरची हवा कोण तापवत बसणार? छत जितकं खाली आणता येईल तितकं खाली. आणि मी, जन्मभर पंख्याखाली वाढलेली बाई, दाराच्या वर हातभर मोकळी जागा असतेच असं धरून बसले होते. ड्रॉइंगमध्ये छत काढलंच नव्हतं. कपाळ माझं! वर उचलायला जागा नाही म्हणजे झाकण काढता येणार नाहीच, पण मुळात बसवता तरी कसं येणार?

“काय दिसतंय वर?” डेरेकने खालून विचारलं.

“छत,” मी म्हटलं.

त्याला कळलं. त्याने शिडी तेवढी आणखी घट्ट धरली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

शनिवारभर मी ताईच्या जेवणाच्या टेबलावर कागद खराब केले. रविवारी सकाळी टोस्टसाठी लोणी काढायला फ्रिज उघडला. फ्रिजच्या दारात लोण्याचा कप्पा असतो ना, त्याचं प्लास्टिकचं झाकण मी वर केलं, आणि ते मेलं सरळ माझ्या हातात आलं.

“अगं, हाफच उघडायचं!” ताई ओरडली. “पूर्ण आडवं केलं की निघतं ते. यांना दहादा सांगितलं, नवीन फ्रिज घेऊ या, पण ऐकतील तर शपथ!”

मी ते परत बसवलं. अर्धं उघडलं, राहिलं. आडवं केलं, हातात आलं. पुन्हा बसवलं. वर काही उचलावं लागत नव्हतं, निघायचं ते समोर, आपल्याकडे.

“ताई,” मी म्हटलं, “हा फ्रिज विकू नकोस.”

“लोणी दे आधी,” ताई म्हणाली.

सोमवारी कारखान्यातल्या माणसांनी माझ्या सांगण्यावरून आकड्यांची तोंडं फिरवून अरुंद केली, आणि दांडा दोन बाजूंनी तासून चपटा केला. आधी ती खाली उघडत होती. आता झाकण पूर्ण आडवं केलं तरच चपटा दांडा त्या तोंडांतून निसटे, आणि झाकण समोर ओढून काढता येई. आधाराची पट्टी मात्र त्याच्या बरीच आधी अडत होती. म्हणजे मुद्दाम पट्टी सोडल्याशिवाय झाकण तिथवर जाणारच नाही. ताईच्या भाषेत, हाफच उघडायचं.

शुक्रवारी हॉस्पिटलच्या त्या दाराशी साहेब, आणखी दोघे, मी आणि डेरेक. दार बंद ठेवून दोरी बांधलेली. जुनं झाकण उतरवून नवं बसवताना छताला ओरखडासुद्धा उठला नाही. मग डेरेक एकटा शिडीवर चढला, झाकण उघडलं, पट्टी खट्कन बसली. आणि त्याचा डावा खांदा आपसूक झाकणाखाली गेला.

“खांदा काढ, डेरेक,” मी म्हटलं.

“काढतो. तू आधी बाजूला हो.”

मी झाकणाच्या बरोबर खाली उभी होते. पट्टी मी आखली होती, आकडे मी आखले होते, आणि छत विसरणारी बाईही मीच होते. पण मीच भिऊन बाजूला झाले, तर त्याने त्या पट्टीवर भरवसा तरी का ठेवावा?

“नाही होत,” मी म्हटलं. “काढ तू.”

साहेब काहीतरी म्हणायला लागले. डेरेकने माझ्याकडे पाहिलं आणि खांदा खाली घेतला. हात मात्र झाकणाला टेकलेलाच. मग एकेक बोट उचललं. झाकण हललं नाही. त्याने तो रिकामा डावा हात थोडा वेळ तसाच हवेत धरला, आता याचं करायचं काय हे न सुचल्यासारखा. शेवटी खिशात घातला, पुदिन्याच्या दोन गोळ्या काढल्या, आणि एक खाली मला दिली. मी ती खाताना रडत होते, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

परतीच्या दिवशी ताईची ड्यूटी होती, म्हणून कोच स्टेशनला डेरेकनेच सोडलं. माझी बॅग त्याने उजव्या हाताने उतरवली.

“सोमवारी कुठे?” मी विचारलं.

“कॉव्हेंट्री. तिथे दोन दारं आहेत,” तो म्हणाला, आणि व्हॅनच्या टपावर बांधलेल्या शिडीवर त्याने डाव्या हाताने थाप मारली.

घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, लंडन पाहिलंस का, राणीचा वाडा पाहिलास का? नाही पाहिला. मी छतं पाहिली. त्या हॉस्पिटलच्या दाराखालून आता रोज माणसं जात असतील, कुणी स्ट्रेचरवर, कुणी फुलं घेऊन, आणि वर कोणी बघत नसेल. न बघोत बापडी. भोसरीत दुसऱ्या दिवशी मी नवा कागद ताणून लावला आणि सगळ्यात आधी, दाराच्याही आधी, वर एक आडवी रेघ मारली. शेजारच्या टेबलावरून कुलकर्णी म्हणाले, “हे काय हो, बाई? अजून दार कुठाय?”

“ते येईल,” मी म्हटलं. “आधी छत.”