सीटवरून दिसणारी खीळ

टारली क्रीकच्या खोऱ्यात वर्ना पेंगेलीची ओळख दोन गोष्टींमुळे होती. एक तिचा स्पंज केक आणि दुसरं तिचं गप्प राहणं. चर्चमधली फुलं तीच लावायची. कुणाच्या घरी दुःखाचा प्रसंग आला की झाकून नेलेलं पहिलं भांडं तिच्या स्वयंपाकघरातलं असायचं. कुणाची निंदा सुरू झाली की ती उठून चहाची किटली ठेवायला निघून जायची. नवरा नेव्हिल गेला तेव्हाही ती गप्पच राहिली. लोक म्हणाले, देवानं हिला केवढी शांती दिली आहे! ती शांती नव्हती. पण तसं सांगायला तोंड उघडावं लागलं असतं.

नेव्हिलचा जुना ट्रॅक्टर तिनं त्याच महिन्यात विकून टाकला. त्यानंतरचे दोन हिवाळे तिच्या गुरांना शेजाऱ्यांनी चारा घातला. आज मॅकार्डल, उद्या दुसरं कुणी. कुणी कधी कुरकुर केली नाही. पण पहाटे दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचा आवाज आपल्या रानात ऐकायचा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आभाराचा हात हलवायचा, याचा तिला आतून कंटाळा आला होता. गुरं विकायची की स्वतः ट्रॅक्टरवर बसायचं, एवढंच उरलं होतं. तिनं ट्रॅक्टरवर बसायचं ठरवलं. गावातल्या यंत्रांच्या दुकानात एक लहान ट्रॅक्टर तिच्या नावानं उभा राहिला. फक्त पुढचा लोडर बसवायचा होता आणि त्याला जोडणी कोणती हवी ते तिनं सांगायचं होतं.

लोडर म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढचे दोन लोखंडी हात. त्यांच्या टोकाला कधी माती उचलायची बकेट लावायची, कधी गवताचे गोल गठ्ठे उचलायचा काटा. हे चटकन बदलता यावं म्हणून मधे एक जोडणी असते. टारली क्रीकमधली प्रत्येक जोडणी क्लॅरी हॉस्किननं केलेली होती. क्लॅरी तरुणपणापासून आपल्या शेडमध्ये लोखंड जोडत आला होता. त्यानं आपल्या डोक्यानं एक घाट ठरवला होता. वर दोन आकडे आणि खाली दोन बाजूंनी हातानं सारायच्या दोन खिळी. दुकानातल्या कुठल्याही मापाशी तो जुळत नव्हता, पण खोऱ्यातल्या प्रत्येक ट्रॅक्टरला तोच होता. त्यामुळे काटा एकाकडे असला, खड्डे पाडायचं गिरमिट दुसऱ्याकडे आणि शेण ओढायचं पातं तिसऱ्याकडे, तरी सगळं सगळ्यांचं होतं.

या देण्याघेण्याची एक रीत होती. ज्याची वस्तू, त्यानंच ती जोडून द्यायची. मागायला आलेल्यानं सीटवर बसून राहायचं. देणाऱ्यानं दोन्हीकडच्या खिळी सारायच्या आणि बॉनेटवर दोनदा थाप मारायची. थाप मारली म्हणजे काम झालं. मग खाली उतरून खीळ बघणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर त्याला खोटं पाडणं. असं कुणी करत नसे.

नेव्हिलनंही केलं नाही. त्या दिवशी त्याला काटा क्लॅरीनं जोडून दिला होता. नेव्हिल थाप ऐकून घरी आला, गठ्ठा उंच उचलला आणि त्याभोवती गुंडाळलेली जाळी कापायला खाली उतरला. डावीकडची खीळ भोकातल्या चिखलाला अडून अर्धीच गेली होती. काटा आधी एका बाजूला कलला, मग गठ्ठ्यासकट खाली आला.

चौकशीच्या कागदावर 'खीळ पूर्ण बसलेली नव्हती' एवढंच आलं. ती कुणी सारली होती हे खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच ते बोललं नाही. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत क्लॅरी सगळ्यांत पुढे होता. तो चर्चच्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी होता आणि नेव्हिलचा शाळेपासूनचा मित्र. नेव्हिल गेल्यापासून तो दर रविवारी वर्नाच्या शेजारच्या बाकावर बसायचा, तिची सरपणाची लाकडं फोडून द्यायचा आणि नेव्हिलचं नाव मात्र एकदाही घेत नव्हता.

दुकानातला विक्रेता, रसेल, उमदा माणूस होता. त्यानं वर्नाला अंगणात नेऊन नव्या घाटाची जोडणी दाखवली.

"हे बघा, मिसेस पेंगेली. इथं हे दोन दांडे. आडवे पडले म्हणजे खिळी आत गेल्या. उभे राहिले म्हणजे नाही गेल्या. बसा वर, बसा. दिसतात का?"

वर्ना सीटवर बसली. दोन्ही दांडे समोर स्वच्छ दिसत होते.

"दिसतात."

"पण एक सांगतो, नंतर मला बोल लावू नका. ट्रॅक्टर लहान आहे. ही जोडणी जड आहे आणि ती काटा वीतभर पुढं ढकलते. म्हणजे तुमची उचल कमी होणार. मोठे गोल गठ्ठे विसरा. लहान घ्यावे लागतील."

"आणि क्लॅरीचा घाट बसवला तर?"

"हलका आहे. मोठा गठ्ठा निघेल. खोऱ्यातलं सगळं सामानही लागेल." रसेलनं तिच्या सीटकडे बोट दाखवलं. "पण खीळ सीटवरून दिसायची नाही. ती तर कुणालाच दिसत नाही."

"दोन्ही घाट चालतील असं काही मधे घालता येत नाही?"

"येतं. पण आणखी वजन, आणखी पुढं. मग तुम्ही रिकामा काटाच उचलत बसाल!"

ती हसली नाही. रसेललाही आपण कुणाशी काय बोललो ते आठवलं आणि तो उगाच दांड्यावरची धूळ पुसत राहिला.

घरी परतताना तिनं डॉट मॅकार्डलच्या फाटकाशी गाडी थांबवली. डॉटला बोलायला कारण लागत नसे.

"दुकानातला घाट घेणार आहेस म्हणे?"

"अगं, मी अजून रस्त्यातच आहे, आणि तुला कळलंसुद्धा?"

"रसेलची बायको माझी मामेबहीण आहे. वर्ना, माझं ऐक. तो घाट घेतलास तर उद्या आमचं गिरमिट तुला लागायचं नाही, तुझं काही आम्हाला लागायचं नाही. एकटी पडशील, बाई."

"गिरमिट मला वर्षातनं एकदा लागतं."

"गिरमिटाचं कुठं बोलतेय मी!" डॉटनं आवाज खाली आणला. "क्लॅरीच्या काळजाला काय वाटेल? तू तो घाट घेतलास म्हणजे सगळं खोरं एकच समजणार. नेव्हिलच्या बाबतीत तू त्याला दोष देतेस, असं ठरणार."

वर्नानं गाडी सुरू केली. "केक करायचाय शनिवारच्या सभेसाठी," ती म्हणाली. "बघते."

शनिवारचा केक मधोमध बसला. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. ती प्रार्थनेला बसली तरी डोळ्यांपुढे दोन दांडे यायचे, आडवे आणि उभे. तिला क्लॅरीचा सूड घ्यायचा नव्हता. तो भला माणूस होता, हे ती देवासमोरही म्हणाली असती. पण रोज पहाटे, चिखलात, एकटीनं, न दिसणाऱ्या खिळीवर विसंबून काट्याखालून जायचं हे तिच्यानं होणार नव्हतं. प्रत्येक वेळी उतरून बघेन म्हटलं तरी मनात भीती राहणारच होती. आणि भीती धरून गुरं पाळण्यापेक्षा ती विकलेली बरी. म्हणजे क्लॅरीचं मन राखायचं तर रान सोडायचं, आणि रान राखायचं तर क्लॅरीला दुखवायचं. तिसरी वाट तिनं पुष्कळ शोधली. ती नव्हती.

सोमवारी ती क्लॅरीच्या शेडवर गेली. बातमी त्याला डॉटकडून कळण्याआधी तिच्या तोंडून कळावी, एवढंच तिनं ठरवलं होतं.

क्लॅरी कुणाचं तरी फाटक सांधत होता. तोंडावरचा वेल्डिंगचा पडदा वर करून तो म्हणाला, "ये. तुझ्या जोडणीचं लोखंड कापून ठेवलंय बघ. बुधवारी बसवून टाकू."

"क्लॅरी, मी दुकानातली घेतेय."

त्यानं हातमोजे काढले, एक एक करून. "का?"

"ती सीटवरून दिसते."

"माझी चाळीस वर्षं चालतेय."

"हो."

"या खोऱ्यात एकही ट्रॅक्टर नाही ज्याला माझी जोडणी नाही. वाकून बघितलं की दिसते. बघणाऱ्यानं बघावं!"

आपण काय बोललो ते क्लॅरीलाही कळलं, पण बाणासारखा शब्द सुटून गेला होता.

वर्नाच्या ओठांवर चहाची काहीतरी सबब आली होती. ती तिनं गिळली. "त्यानं बघितलं नाही, कारण तू थाप मारली होतीस," ती म्हणाली. "तुझ्या थापेवर त्याचा विश्वास होता. माझाही असता, क्लॅरी. म्हणूनच मला दिसणारी हवी आहे."

क्लॅरीचा चेहरा राखेसारखा झाला. "म्हणजे मी मारला त्याला. म्हण ना. सगळे म्हणतात, पाठीमागं."

"मी म्हणाले नाही."

"मग आता काय केलंस?"

ती वळून गाडीपर्यंत चालत गेली.

त्या रविवारी तिच्या शेजारचा बाक रिकामा राहिला. पुढच्याही. चर्चच्या दारात बायका तिच्याशी गोड बोलत होत्या, पण हवापाण्यापलीकडे कुणी जात नव्हतं. फोडलेली लाकडं येणं थांबलं. ती कुऱ्हाड घेऊन स्वतः फोडू लागली, वेडीवाकडी. लोडर बसून आला. ती लहान गठ्ठे दूरच्या माणसाकडून आणू लागली, आणि पहिल्या दिवशी गुरं तिच्याभोवती गोळा झाली तेव्हा सीटवर बसल्या बसल्या तिला रडू आलं. आनंद होता तो, पण एकटेपणाही होताच.

जूनच्या शेवटी, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, दहिवर पडलेल्या एका सकाळी, ती काटा बदलत असताना फाटकातून क्लॅरीची गाडी आली. तो उतरला आणि कुंपणाशी उभा राहिला. वर्नानं काम सोडलं नाही. तिनं दांडे आडवे केले, सीटवर चढली आणि काट्याची टोकं जमिनीवर दाबली. ट्रॅक्टरची पुढची चाकं जराशी वर उचलली गेली. काटा हलला नाही. म्हणजे खिळी बसल्या.

"हे दर वेळी करतेस?" क्लॅरीनं विचारलं.

"दर वेळी."

"मी बसून बघू?"

ती उतरली. क्लॅरी चढला, म्हातारा माणूस चढतो तसा, आधी हात आणि मग पाय. सीटवर बसून त्यानं समोर बघितलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे. तो इतका वेळ बसून राहिला की गुरं कंटाळून पांगली.

"त्या दिवशी डावीकडची सारताना आम्ही हसत होतो," तो शेवटी म्हणाला. "नेव्ह कसलीशी गोष्ट सांगत होता. खीळ अडली. मला वाटलं, गेली."

दोन वर्षांत ते नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा आलं होतं.

"मला माहीत होतं," वर्ना म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तुझा चेहरा बघितला होता मी."

"मग दोन वर्षं माझी लाकडं का जाळलीस, बाई?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते. आणि थंडी होती."

क्लॅरीच्या घशातून हसण्यासारखा आवाज आला आणि तिथंच मोडला. त्यानं टोपी काढून डोळ्यांवर धरली. वर्नानं त्याला तसंच बसू दिलं. क्षमा केली असं ती म्हणाली नाही. ते शब्द तिच्याकडे त्या सकाळी अजून तयार नव्हते, आणि खोटे शब्द द्यायचे नाहीत एवढं ती शिकली होती. पण ती घरात जाऊन दोन कप चहा घेऊन आली.

त्यानंतर क्लॅरी घरोघर फिरू लागला. खोऱ्यातल्या सगळ्या जोडण्या बदलणं त्याच्या वयात होण्यासारखं नव्हतं. पण प्रत्येक खिळीला त्यानं एक उभी, लाल रंगवलेली सळई सांधायला घेतली. खीळ पूर्ण आत गेली तरच ती सळई ताठ उभी राही आणि सीटवरून दिसे. कुणी कारण विचारलं नाही. तो स्वतःच सांगायचा, अवघडत, एका वाक्यात. "नेव्हच्या वेळी माझी बसली नव्हती." मॅकार्डलच्या घरी त्यानं ते सांगितलं तेव्हा डॉट पहिल्यांदाच गप्प झाली म्हणतात.

वसंताच्या तोंडावर डॉटच्या अंगणात कुंपणाचं काम निघालं. वर्ना सगळ्यांसाठी स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे छोटे पाव, घेऊन गेली होती. शेजारचा अर्नॉल्ड क्लॅरीचा काटा न्यायला तिथंच आला, आणि क्लॅरीनं तो जोडून दिला. अर्नॉल्डनं लाल सळयांकडे बघितलं. एकीवर चिखल उडाला होता आणि नीट दिसत नव्हतं. तो सीटवर चुळबुळला. सगळ्यांच्या देखत उतरायचं कसं? अंगणातली सगळी माणसं आपापल्या कपात बघू लागली.

"उतर ना, अर्नॉल्ड," वर्ना म्हणाली. "बघून घे."

अर्नॉल्ड उतरला. क्लॅरी त्याच्या आधी तिथं पोचला, ओल्या जमिनीवर गुडघा टेकला, आणि त्याला नीट दिसावं म्हणून स्वतःच्या बाहीनं खिळीवरचा चिखल पुसू लागला.