हाताखालची फट

चौकातल्या फलकावर दोन फायरमन हसत एक पाइप धरून उभे आहेत. एक आमच्या गावचा, दुसरा शेजारच्या गावचा. खाली लिहिलंय, 'संयुक्त प्रशिक्षण यशस्वी'. येता-जाता माझी नजर त्यांच्या हातांवर जाते.

त्या दिवशी मी मैदानावर होते. दोन गावांच्या पाइपांची तोंडं एकमेकांत बसतच नव्हती. शेजारचा जवान हसत म्हणाला, "पाव्हणं, ही सोयरीक काय जमत नाय." प्रशिक्षणाचे समन्वयक साहेब म्हणाले, "जोडल्यासारखं धरा. फोटो होऊ द्या."

आमची वस्ती जळाली तेव्हाही पाइप जुळेना म्हणून शेजारच्या गावचा बंब असाच नुसता उभा राहिला होता. म्हणून तर या प्रशिक्षणासाठी आम्ही दारोदार पत्रकं वाटली. याच साहेबांनी पाइप जुळवून देण्याचा शब्द दिला, तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या.

आग विझवायला शिकलेल्या हातांना यांनी फट झाकायला लावलं. हातांनाही ते कळलं असणार. हसू मात्र फोटोत छान आलंय.

काल शेजारच्या घरातल्या काकू फलकाखाली थांबल्या. "आता घोर मिटला गं पोरी. तुझ्यामुळं झालं."

मी त्यांचा हात धरून त्यांना अगदी जवळ नेलं. "काकू, त्या मुठींखाली बघा."